आईच्या बोटांचा पोत

आईचा अंगठा लागेना, तिथून हे सगळं सुरू झालं.

लागेना म्हणजे मशीनला लागेना. रुग्णालयाच्या तळघरात लाँड्री होती आणि तिथे आई एकोणीस वर्षं डाग काढायचं काम करत होती. चादरी, अभ्रे, रुग्णांचे गाऊन मोठ्या यंत्रात पडण्याआधी त्यांच्यावरचे डाग हाताने चोळून काढायचे. साबण, ब्लीच, ब्रश आणि दिवसभर पाणी. रबरी हातमोजे मिळत, नाही असं नाही. पण मोजे घातले की डाग किती निघाला ते बोटांना कळत नाही, असं आईचं म्हणणं. त्यामुळे मोजे कायम तिच्या खिशात, कोरडे आणि खुशाल.

इतकी वर्षं हजेरी म्हणजे दारापाशी एक लांबोडकी वही आणि तिच्यात सही. आईची सही बघण्यासारखी होती. शाळा चौथीतच सुटलेली, पण अंगठाबहाद्दर म्हणून कुणी दात काढू नयेत यासाठी तिने कधीकाळी दोन महिने सह्या गिरवल्या होत्या आणि शेवटच्या अक्षराला मांजरासारखी झुपकेदार शेपटी काढून दिली होती. मग नवा ठेकेदार आला. वही गेली, भिंतीवर तळहाताएवढं काळं मशीन आलं, आणि सगळ्यांनी म्हणे आता अंगठा लावायचा.

"मॅडम, मी सही करते ना," पहिल्याच दिवशी आई सुपरवायझर मॅडमना म्हणाली.

"मावशी, सही आता नाही चालत. अंगठाच."

"घ्या! म्हणजे अंगठा लावायला लागू नये म्हणून मी सही शिकले, आणि आता सही येते म्हणून अंगठा लावू?"

सगळ्या बायका हसल्या. मॅडमसुद्धा हसल्या. मग आईने अंगठा ठेवला आणि मशीनने लाल दिवा दाखवला. परत ठेवला, परत लाल. डावा, उजवा, तर्जनी, करंगळी, दहाच्या दहा लाल. तेव्हा मात्र हसायचं सगळ्यांचंच थांबलं.

मशीन बसवायला आलेला माणूस, ज्याला सगळे मशीनवाला दादा म्हणत, त्याने आईचं बोट उजेडात धरून पाहिलं. "काकू, रेषा झिजल्यात. आणि बोटं इतकी कोरडी आहेत की ज्या उरल्यात त्याही दिसत नाहीत. ओलावा नाही हो अजिबात."

पंचवीस तारखेपर्यंत मुदत होती. कुठलंही एक बोट, पण तेच बोट लागोपाठ तीनदा हिरवं झालं पाहिजे, तरच नाव नव्या यादीत. पंचवीसला संध्याकाळी यादी बंद. यादीत नाही तो कामावर नाही. आणि कामावर नाही तो कर्मचाऱ्यांच्या खोल्यांमध्ये तरी कसा राहील? आई आणि भिंगरी राहायच्या ती दीड खोली रुग्णालयाचीच होती.

भिंगरी म्हणजे आईची एकुलती एक मुलगी. दहावीत. एका जागी टेकत नाही म्हणून हे नाव पडलेलं. आईने त्या दिवशी घरी येऊन सगळं हसत हसत सांगितलं, मशीनची नक्कल करून दाखवली, "टूं! कोण गं तू?" असा आवाजही काढला. पण जेवताना भिंगरीने पाहिलं, आई स्टीलच्या पेल्यावर अंगठा दाबत होती आणि पेला उजेडाकडे धरून बघत होती. पेला लख्खच्या लख्ख. पुसला, परत दाबला.

"आई, तो काय म्हणाला नक्की? शब्द सांग. जसेच्या तसे."

"ओलावा नाही म्हणाला."

"ओलावा?" भिंगरी ताडकन उठून उभी राहिली. "एवढंच ना? अगं मग मला आधी सांगायचं नाही का!"

आता ओलावा हा विषय भिंगरीचा. म्हणजे असा विषय, की शाळेत तो असता तर ती पहिली आली असती. मागच्या वर्षीपर्यंत ती पुटकुळ्या लपवायला केस तोंडावर ओढून शेवटच्या बाकावर बसायची. मग कुठूनसे कोरियन बायकांचे व्हिडिओ सापडले, तोंड धुण्याची रीत कळली, तांदळाच्या पाण्याची छोटी बाटली मिळाली, आणि चार महिन्यांत चेहरा असा काही नितळ झाला की केस मागे बांधून ती पहिल्या बाकावर आली आणि तिथून वर्गाला सल्ले द्यायला लागली. कोणाला काय लावायचं, कशावर काय लावायचं नाही, पातळ आधी की घट्ट आधी, सगळं तोंडपाठ. वर्गातली चष्मिस तर तिला विचारल्याशिवाय तोंडसुद्धा धूत नसे.

"हे बघ," ती आईला समजावू लागली, "तहानलेली कातडी आणि तेलाची भुकेली कातडी, ह्या दोन वेगळ्या गोष्टी. तुझी तहानलेली आहे. तांदूळ पाणी धरून ठेवतो. कोरियात तांदळाचं पाणी पिढ्यान्‌पिढ्या—"

"तांदळाचं पाणी?" आई म्हणाली. "ते तर मी रोज मोरीत ओतते!"

"ते नाही गं! ते आंबवलेलं असतं. गाळलेलं. त्यात अजून काय काय असतं."

"म्हणजे शिळं."

"आई!"

"बरं बाई, शिळं तर शिळं. लाव."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर भिंगरी चौकातल्या सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात गेली. तिथली विक्रेती नखांवर बारीक खडे चिकटवायची, म्हणून भिंगरी आणि चष्मिस तिला नखवाली ताई म्हणत. तांदळाचा सगळा एक खणच होता. पांढऱ्या, दुधी, मोतिया बाटल्या, आणि प्रत्येकीवर तांदळाचं कणीस. टोनर, एसेन्स, सिरम, क्रीम, चेहऱ्यावर घालायचे ओले कागदी मास्क. भिंगरी एकेक बाटली उचलून मागचा बारीक मजकूर वाचत बसली. सुगंध आहे? नको, भेगांना झोंबेल. अल्कोहोल आहे? चल, परत खणात. शेवटी एक दुधी टोनर आणि एक घट्ट क्रीम. शाळेच्या सहलीसाठी साठवलेले पैसे त्यातच गेले, म्हणून सहलीला जायचं तिने तिथल्या तिथे रद्द केलं, आणि आईला सांगितलं, सहल कंटाळवाणीच असते.

मग रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी कार्यक्रम. आधी कोमट पाण्यात हात. पुसायचे नाहीत, टिपायचे. ओलसर असतानाच टोनर. कापसाच्या पट्ट्या टोनरमध्ये भिजवून दहा बोटांना दहा गुंडाळ्या, दहा मिनिटं. मग दुसरा थर, मग तिसरा, चोळायचं नाही, थापटायचं. वरून क्रीम, म्हणजे आतला ओलावा आतच कोंडला जातो. आणि सगळ्यांच्या वर सुती मोजे.

"मी काय बाळंतीण आहे का?" आई म्हणायची. "नाक खाजतंय. खाजव."

भिंगरी खाजवायची.

"जरा डावीकडे. हां. आता कोणी दार वाजवलं तर काय सांगू? हात तांदळात आहेत म्हणून?"

मोजे तर कामावरही घालायला लावले, रबरी. आईने कुरकुर केली की डाग कळत नाही. पण घातले. त्यावरूनच भिंगरीला कळलं की आई किती घाबरली आहे.

चौथ्या दिवशी अंगठ्यावरची मोठी भेग मिटली. भिंगरीने शाळेतून शिक्क्याची शाई मागून आणली आणि रोज बोटांचे ठसे कागदावर घ्यायला सुरुवात केली. पहिल्या दिवशीचे ठसे म्हणजे नुसते निळे डाग, मधून पांढऱ्या चिरा. सातव्या दिवशी डाव्या अनामिकेच्या ठशात एका कडेला काहीतरी दिसलं. नवव्या दिवशी ते स्पष्ट झालं. रेषा! बारीक, एकीला एक लागून, मधोमध वळसा घेऊन खाली उतरलेल्या.

आईने कागद हातात घेतला आणि बराच वेळ बघत राहिली.

"माझ्या बोटावर एवढं सगळं लिहिलेलं होतं होय," ती म्हणाली.

भिंगरीने तिला उचलायचाच प्रयत्न केला. उचलली नाही गेली, पण दोघी टेबलाला धडकल्या आणि शाई सांडली.

एकोणीस तारखेला आई लाँड्रीतून आली तीच पळत. "दोनदा!" ती दारातून ओरडली. "अनामिका दोनदा हिरवी झाली! तिसऱ्यांदा लाल. पण दोनदा हिरवी! दादा म्हणाला, काकू, आता थोडक्यात आहे. असंच चालू ठेवा आणि पंचवीसला या."

असंच चालू ठेवा. हे तीन शब्द भिंगरीने ऐकले. आईने ते तिला जसेच्या तसे सांगितले होते, त्यात काही गडबड नव्हती. पण "थोडक्यात आहे" हे शब्द तिला जास्त मोठ्याने ऐकू आले. थोडक्यात आहे म्हणजे थोडं कमी आहे. कमी आहे म्हणजे भर घालायला हवी. आणि कशात काय भर घालायची हे भिंगरीला नाही कळणार तर कोणाला?

ती पुन्हा नखवाली ताईकडे गेली. "ह्यापेक्षा जोरदार काही आहे का? तांदळाचंच. हातांसाठी. खूप खडबडीत आहेत."

ताईने वरच्या कप्प्यातून एक नवी बाटली काढली. मोतिया, जड, काचेची. सगळं कोरियन भाषेत, एक अक्षर ओळखीचं नाही. भिंगरीने फोनचा कॅमेरा धरला आणि पडद्यावर अक्षरं हलत हलत मराठी झाली: *तांदळाच्या कोंड्याचे सार. खडबडीतपणा दूर. त्वचेचा पोत एकसारखा. सहा दिवसांत धुतलेल्या तांदळासारखी नितळ त्वचा.*

सहा दिवस. बरोब्बर पंचवीस तारीख! भिंगरीला वाटलं, बाटलीवर आपलंच नाव लिहिलंय.

"हे रोज नाही हां लावायचं," नखवाली ताई म्हणाली. "आठवड्यातून दोनदा. चेहऱ्याला."

"आईचे हात आहेत," भिंगरी हसली. "चेहरा नाजूक असतो. हातांना चालतं."

हे तिला कुठल्या व्हिडिओत सांगितलं नव्हतं. हे तिने स्वतःच ठरवलं होतं, आणि इतक्या झोकात सांगितलं की ताईलाही ते खरं वाटलं.

सहा दिवस रोज लावलं. आणि काय सांगावं, बोटं बदललीच! पहिल्या दिवशी थोडं चुणचुणलं. तिसऱ्या दिवशी नखांच्या कोपऱ्यातली जुनी, पिवळी, कडक कातडी पापुद्र्यासारखी निघाली. पाचव्या दिवशी आईची बोटं लोण्यासारखी झाली. लाँड्रीतल्या इस्त्रीवाल्या मावशीने म्हणे ती हातात धरून विचारलं, "काय गं, नवरीबिवरी होतेस की काय परत?" आई घरी येऊन स्वतःच्या गालावरून बोटं फिरवत बसली. "हे माझे हातच नव्हेत," ती म्हणाली. "चादरीवर फिरवले तर चादर खरखरीत लागली आज मला."

ठसे घेणं भिंगरीने थांबवलं होतं. शाई निघत नाही आणि बोटं स्वच्छ हवीत, म्हणून. शिवाय बघायचं काय त्यात? दिसतच होतं की.

पंचवीसला शनिवार होता, शाळा सकाळची. भिंगरी दप्तर पाठीवर घेऊनच तळघराच्या जिन्याने खाली उतरली. लाँड्रीच्या दारापाशी मॅडम, मशीनवाला दादा आणि आई उभी. आईने केस विंचरून घट्ट अंबाडा घातला होता, जणू मशीन फोटोच काढणार होतं.

अनामिका. लाल.

"ओली असेल," भिंगरी म्हणाली. "पुस. थोपट. घाई नको करू."

लाल. परत लाल. दादाने काच पुसली. अंगठा लाल, तर्जनी लाल. दहा बोटं झाली, मग पुन्हा अनामिका, आणि तरी लाल. दादाने खिशातून भिंग काढलं आणि आईचं बोट दिव्याखाली धरलं. भिंगामागे त्याचा एक डोळा मोठ्ठा झाला, कपाळावरच्या आठ्या वाढल्या.

"काकू, सहा दिवसांपूर्वी इथे रेषा होत्या. मी स्वतः पाहिल्या. आता तर नुसती काच आहे. काय लावलंत?"

आईने भिंगरीकडे पाहिलं. भिंगरीने दप्तरातून बाटली काढून दिली, अजून थोडी ऐटीतच. दादाने फोन धरला. त्याच्याही पडद्यावर तीच अक्षरं हलली आणि मराठी झाली.

"ताई," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज इतका हळू होता की ते रागावण्यापेक्षा वाईट होतं. "पोत एकसारखा करतं म्हणजे वरची कातडी काढतं हे. खाचा-उंचवटे घालवतं. मला तर तेच हवे होते. बोटाचा पोत म्हणजेच ठसा."

भिंगरीला आधी शब्द कळले आणि मग, एखाद्या जिन्याची पायरी चुकावी तसा, अर्थ. नवव्या दिवशीचा कागद तिच्या डोळ्यांसमोर आला. त्या रेषा तांदळाच्या पाण्याने आल्या होत्या, तिच्या हाताने आल्या होत्या, कापसाच्या दहा गुंडाळ्यांनी. आणि रोज संध्याकाळी, थापटून थापटून, तिनेच त्या खरवडून काढल्या होत्या. आईचं नाक खाजवत.

"परत येतील ना?" तिने विचारलं. "कातडी येते ना परत?"

"येईल. महिना लागेल, दीड लागेल."

"मग महिन्याने घ्या ना!"

"यादी आज बंद होते."

"मॅडम, तुम्ही सांगा ना. तुम्ही ओळखता आईला. एकोणीस वर्षं! हिला सगळे ओळखतात, मशीनला कशाला हवं?"

मॅडमनी कपाळ चोळलं. "मी वर फोन केला होता, बाळ. दोनदा केला. ते म्हणतात, मशीनमध्ये नाही म्हणजे माणूस नाही. माझ्या हातात काही नाही गं." मग त्या दादावर घसरल्या. "हे मशीनच फालतू आहे. बाईचे हात झिजले ते काय हिने घरी बसून झिजवले? कशावरून मशीन बिघडलेलं नाही?"

"मशीन ठीक आहे," दादा म्हणाला. त्यालाही कुठेतरी लागलं असावं. "दाखवतो. ताई, तुझा अंगठा ठेव."

भिंगरीने ठेवला. तिला काही सुचतच नव्हतं. ठेव म्हटलं, ठेवला.

हिरवा. परत हिरवा. तिसऱ्यांदा हिरवा, आणि मशीनने एक छोटी खुशीची शीळ घातली. आई नकलेत काढायची ती टूं नव्हे, वेगळीच. आईसाठी ती कधी वाजलीच नव्हती.

"बघा," दादा म्हणाला.

मॅडम त्या हिरव्या दिव्याकडे बघत होत्या. त्या वाईट नव्हत्या, हे नंतरही भिंगरीने कबूल केलं. त्यांना खरोखरच काहीतरी चांगलं सुचलं होतं. "अगं, मग असं करू," त्या म्हणाल्या, "हिची नोंद राहू दे. यंदा दहावी ना? शाळा संपली, वय भरलं की ये. तोवर मी कुणालातरी बदलीवर ठेवते. आईच्याच जागेवर घेते तुला. खोलीसाठीही वर शब्द टाकता येईल, घरातलंच माणूस आहे म्हणून. काय मावशी?"

भिंगरीने स्वतःचा अंगठा पाहिला. मऊ, गुलाबी, चार महिने तांदळावर पोसलेला. तिच्या तोंडून आलं, "येईन. मी येईन."

"पुसा ते," आई म्हणाली.

तिने भिंगरीचा हात मशीनपासून मागे ओढला.

"मावशी, अहो तुमच्याच भल्यासाठी—"

"दादा, पुसा. तिचा अंगठा काढा त्यातून."

दादाने काहीतरी दाबलं, आणखी काहीतरी दाबलं. "इथून नाही पुसता येत, काकू. एकदा गेलं की वर जातं. वरून काढावं लागतं."

"मग वर सांगा."

"सोमवारी सांगतो."

"राहू द्या की," मॅडम हळूच म्हणाल्या. "राहिलं तर काय बिघडतं?"

आई नेहमी अशा वेळी काहीतरी बोलायची. पाहिजे तेवढं टोचेल आणि पाहिजे तेवढं हसवेल असं. आज तिने खिशातले हातमोजे काढले, एकावर एक ठेवून मॅडमच्या टेबलावर ठेवले, कमरेचा एप्रन सोडला, त्याची घडी घातली. डाग आहे का ते बघायला सवयीने त्यावरून बोटं फिरवली. पुन्हा फिरवली. मग डोळ्यांजवळ नेऊन पाहिला.

आत यंत्रं धडधडत होती. दुसरी पाळी सुरू झाली होती. आईच्या टाकीपाशी चादरींचा ढीग तसाच पडला होता.

दोघी जिना चढायला लागल्या. भिंगरीच्या दप्तरात ती जड काचेची बाटली प्रत्येक पायरीला कंपासपेटीवर आपटत होती. वर्गाला काय सांगणार? चष्मिसला? सोमवारी कुठल्या बाकावर बसणार? आणि मग तिची तिलाच शरम वाटली, की आईची नोकरी गेली, खोली जाणार, आणि आपण बाकाचा विचार करतोय.

मधल्या वळणावर ती थांबली.

"आई. माझ्यामुळे झालं ना?"

आई कठडा धरून दोन पायऱ्या वर उभी होती. तिने वळून पाहिलं. तिच्या तोंडावर राग नव्हता. खोटं बोलण्याएवढी ताकदही नव्हती.

"हो," ती म्हणाली.

भिंगरी थांबून राहिली. कारण आईचं बोलणं असं एका शब्दावर कधी संपत नसे. पुढे काहीतरी यायचंच. टोमणा यायचा, शिळ्या पाण्यावरून काहीतरी यायचं, निदान "चल, पाय उचल" तरी. भिंगरीने वाट पाहिली. आई परत वर चढायला लागली. एक पायरी, दुसरी, तिसरी. वरून दार उघडल्याचा उजेड जिन्यावर पडला, आई त्यातून बाहेर गेली, आणि दार आपोआप हळूहळू मिटायला लागलं. ते पूर्ण मिटायच्या आत पोहोचावं म्हणून भिंगरी धावत सुटली.